डोळ्याला लावलेलं कुंकू

सोयराबाईंच्या मते माणसाला समुद्र बघायचा असेल तर त्यानं गाडीत बसावं, मंगळूर गाठावं, गुडघाभर पाण्यात उभं राहावं आणि गुमान परत यावं. समुद्राला घरी बोलवायची रीत त्यांनी बहात्तर वर्षांत ऐकली नव्हती. पण पोटच्या गिरीराजनं तो बोलावला होता, आणि बसायला जागा दिली होती नेमकी हॉलच्या पूर्वेच्या भिंतीशी.

ती भिंत रिकामी पडली होती असं नव्हे. मारतहळ्ळीच्या या तळमजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आठ वर्षांपूर्वी पहिलं पाऊल टाकलं तेव्हा सुनेनं स्वयंपाकघर बघितलं, लेकानं फोनला रेंज बघितली आणि सोयराबाईंनी पूर्वेची भिंत बघितली. खंडेनवमीला तिथं पाट मांडायचा. पाटावर घराण्याची तलवार, कट्यार आणि भाल्याचं पातं. साडेतीनशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर या मुलखात उतरलेल्या माणसांची ती हत्यारं. पुढं घरं बदलली, जमिनी गेल्या, बोलण्यात कानडी मुरलं, पण पाट पूर्वेच्या भिंतीशीच राहिला. आणि एकदा पूजा झाली की दसऱ्याच्या सकाळपर्यंत हत्यार हलवायचं नाही. घराला आग लागली तरी नाही, असं अप्पासाहेब म्हणायचे. अप्पासाहेब म्हणजे त्यांचे यजमान, जाऊन बारा वर्षं झाली.

आता त्या भिंतीशी सहा फुटी काचेची पेटी.

"आईसाहेब, यंदा पाट डायनिंग टेबलामागं मांडू ना," गिरीराज म्हणाला होता. "तिथंही भिंत आहेच की."

"तिथं तुझा झाडू असतो. त्याचीच पूजा कर. त्यानं तरी या घरात काही काम केलंय."

पेटी ज्येष्ठात आली. आठ माणसांनी खांदा देऊन आणली. सोयराबाईंनी तेव्हाच मनात म्हटलं, लक्षण काही बरं नाही. ती बसवणारा हयवदन नावाचा कानडी गृहस्थ होता. चष्मेवाला, मोजे घालून फरशीवर हिंडणारा. काचेशी असा हळू बोलायचा की जणू ती बाळंतीण आहे.

"अक्का, स्वल्प सरका," तो अदबीनं म्हणायचा, आणि सोयराबाई आपल्याच घरात स्वल्प सरकायच्या. रोज थोडं थोडं. महिन्याभरात त्यांची खुर्ची दारापासून बाथरूमपर्यंत पोचली.

आधी पेटी भरून बघितली, गळत नाही म्हणून परत रिकामी केली. गल्लीत टँकरची वाट बघत लोक घागरी लावून उभे, आणि इथं पाणी भरून ओतायचा खेळ. मग एका यंत्रातून पाणी गाळलं, इतकं की त्यात चव म्हणून उरली नाही. आणि एवढं गोड करून झाल्यावर त्यात पोत्यानं मीठ ओतलं. सोयराबाई दोन यत्ता शिकल्या होत्या. हे करायला किती यत्ता लागतात, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं होतं.

मग दगड आले. दगड, वाळू आणि खारं पाणी. बस्स. दीड महिना मासा नाही. नवरा-बायको रोज संध्याकाळी कॉफीचे कप घेऊन दगडांसमोर बसायचे.

"काय चाललंय?" एकदा त्यांनी विचारलं.

"पाणी मॅच्युअर होतंय, आईसाहेब," नीलिमा म्हणाली. सून पुण्याची, तिच्या बोलण्यात दर चौथा शब्द इंग्रजी. "म्हणजे पिकतंय."

"आंबा पिकतो. गळू पिकतं. पाणी पिकलेलं मी काही खाल्लं नाही बाई."

शेवटी आला तो मेंदू. जेवणाच्या डब्याएवढी काळी पेटी, तिच्यातून निघालेल्या पंचवीस वायरी. तिच्या हुकमानं दिवे लागायचे. साहेबांच्या सोयीनं सूर्य सकाळी दहाला उगवायचा आणि चंद्र निळा असायचा. लाटा तिच्या हुकमानं, खाणं तिच्या हुकमानं, थेंब थेंब औषधही तिच्याच हुकमानं. आणि सगळी बातमी गिरीराजच्या फोनवर.

"पाणी अर्ध्या डिग्रीनं जरी तापलं ना, मला ऑफिसात कळतं," तो छाती काढून सांगायचा.

"माशाला ताप आला की फोन वाजतो तर," सोयराबाई म्हणाल्या. "गेल्या श्रावणात मी तीन दिवस तापानं फणफणले होते. तेव्हा कुठं ठेवला होतास फोन?"

या सगळ्या पसाऱ्यात त्यांना एकच गोष्ट समजून घ्यावीशी वाटली, तीही हयवदनकडून, कारण तो निदान विचारलं तर सांगायचा. मोठ्या पेटीखालच्या कपाटात एक लहान पेटी होती. तिच्या पाण्यात बोटाच्या पेराएवढी काळी गोळी टांगलेली.

"हा डोळा, अक्का. वरचं पाणी आटलं की इथली पातळी उतरते आणि डोळा कोरडा पडतो. मग पंप या निळ्या ड्रममधून गोडं पाणी ओढतो. डोळा भिजला की पंप बंद."

"आणि डोळा फुटला तर?"

"अय्यो अक्का, फुटत नाही तो."

"सगळ्यांचे फुटतात," सोयराबाई लेकाकडे बघत म्हणाल्या.

मग पोवळी आली. जिवंत, म्हणे. एक कोबीच्या पानासारखं, एक हातमोज्यासारखं, एक तर नुसतं शेवाळ. सोयराबाईंनी गळ्यातलं सोन्यात मढवलेलं पोवळं चाचपलं आणि त्यांना लेकाची कीव आली. पाठोपाठ लग्नातल्या बँडवाल्यांसारखे पट्टेदार कपडे घातलेले दोन मासे आले. एवढ्या समुद्रात दोन!

नवरात्र बसलं तशी सोयराबाईंनी निर्वाणीचं सांगितलं. "पाट पूर्वेच्या भिंतीशी मांडणार नसाल तर मी खोलीतून बाहेर येणार नाही. साडेतीनशे वर्षांची पूजा तू मोडलीस, हे दसऱ्याला येणाऱ्या पाहुण्यांना तूच सांग."

गिरीराजनं तोड काढली. पाट पेटीच्या पुढ्यात, खाली फरशीवर. "आणि आईसाहेब, आजच्या काळात हेही आयुधच की. दोन्हींची पूजा एकदमच करू."

पूर्वेची भिंत मिळाली, पण मध्ये समुद्र. सोयराबाईंनी ते गिळलं; गिळताना तोंड कसं केलं ते नीलिमानं बघितलं आणि ती स्वयंपाकघरात गेली.

खंडेनवमीची पूजा या घरात पुरुषानं करायची. सोयराबाई खुर्चीत बसून सांगायच्या. हत्याराला पाण्यात कालवलेलं कुंकू चालत नाही, लोखंड गंजतं. म्हणून ते तुपात कालवायचं.

"मुठीला लाव. धारेला नाही. किती वर्षं सांगू? जे अंग काम करतं ते माखायचं नाही."

गिरीराजनं मुठीला लावलं. मग तो उत्साहानं पेटीकडे वळला. मेंदूला कुंकू, पंपांना कुंकू, दिव्यांना झेंडू. वायफायचा डबा त्यानं वायर काढून थेट पाटावर तलवारीशेजारी ठेवला. "यालाही आज विश्रांती," तो हसत म्हणाला. शेवटी कपाट उघडलं, पाण्यातला काळा डोळा चिमटीत बाहेर काढला आणि त्याच्या नेमक्या टोकावर तुपातल्या कुंकवाचा टपोरा टिळा लावला.

"अरे, ती त्याची धार आहे," सोयराबाई म्हणाल्या.

"आईसाहेब, हे इलेक्ट्रॉनिक आहे. तुम्हाला नाही कळायचं."

डोळा परत पाण्यात गेला.  दोन यत्ता शिकलेल्या बाईनं यापुढं काय बोलायचं?

गाडीचीही पूजा झाली होती, तीही उद्यापर्यंत हलवायची नव्हती, म्हणून लेक-सून टॅक्सीनं देवनहळ्ळीला नीलिमाच्या भावाकडे जेवायला गेली. सोयराबाई पुरणपोळी खाऊन खुर्चीत कलंडल्या.

जाग आली ती घुर्र आवाजानं. तो आवाज त्यांच्या ओळखीचा होता. दिवसातून चार-सहा वेळा व्हायचा आणि पाणी पिऊन झाल्यासारखा थांबायचा. आज थांबेना. घुरू दे, त्या मनात म्हणाल्या. इलेक्ट्रॉनिक आहे. मला काय कळतंय?

मग कपाटाच्या दाराखालून पाण्याची एक जीभ बाहेर आली. ती फरशीवर जरा थबकली आणि सरळ पाटाच्या दिशेनं निघाली.

सोयराबाईंनी फोन लावला. "गिरी, तुझा समुद्र बाहेर आलाय."

"काहीतरीच काय, आईसाहेब! मी आत्ताच बघितलं. फोनवर सगळं हिरवं आहे."

"तुझ्या फोनशी बोलणारा डबा माझ्या पाटावर निजलाय. हिरवं आहे ते सकाळचं."

 मग एकदम आरडाओरडा. "कशाला हात लावू नका! शॉक बसेल! हयवदनला पाठवतो, तो होसकोटेला आहे. आम्हीही परतीच्या वाटेवर आहोत, पण इथं टोलपाशी गाड्या हलत नाहीयेत..."

त्यांनी फोन ठेवला. पाणी पाटापासून चार बोटांवर होतं.

हत्यारं उचलून पलंगावर ठेवणं सोपं होतं. पण उद्या सकाळपर्यंत ती हलायची नव्हती. अप्पासाहेबांनी आगीचं सांगितलं होतं, पाण्याला वेगळा नियम नव्हता. दुसरा उपाय दाराशेजारी होता, विजेचा मेन. खाली ओढला की सगळंच गप्प. पंप, लाटा, दिवे आणि संध्याकाळपर्यंत मासेही. मग भिंतही आपोआप सुटली असती. सोयराबाई मेनपाशी गेल्या. हात वर नेला.

पेटीतले बँडवाले काचेला नाक लावून त्यांच्याकडेच बघत होते.

"तुम्हाला तरी कुणी विचारून आणलंय?" त्या म्हणाल्या आणि हात खाली घेतला.

पायात रबरी सपाता होत्याच. गुडघ्यांना शिव्या देत त्या कपाटासमोर खाली बसल्या. निळ्या ड्रममध्ये तळाशी वीतभर पाणी उरलं होतं. काळी गोळी त्यांनी बाहेर ओढली. टिळा तसाच होता, तुपामुळं पाण्याचा थेंबही न चिकटलेला; पाण्यात बुडूनही डोळा कोरडाच. पदराचं टोक बोटाला गुंडाळून त्यांनी तो खसाखसा पुसला, तान्ह्या पोराचं नाक पुसावं तसा, आणि गोळी परत बुडवली.

घुर्र... आणि गप्प.

पाणी पाटाच्या एका पायाला लागून थांबलं होतं. वर हत्यारं कोरडी. सोयराबाईंनी नीलिमाचे पाहुण्यांसाठी ठेवलेले पांढरे टॉवेल काढले आणि सगळे वापरले.

मग पदराकडे लक्ष गेलं. काठावर लाल डाग. बारा वर्षांत त्या पदराला कुंकू लागलं नव्हतं. आणि लागलं तेही माशांच्या निमित्तानं. त्यांनी पदर झटकला नाही, धुतलाही नाही. नुसता खोचला.

हयवदन मोटारसायकलवरून आधी पोचला, लेक-सून मागून. त्यानं नळीत पाणी घेऊन उजेडात धरलं. "मीठ उतरलंय. हळूहळू वाढवू. सगळा ड्रम आत गेला असता तर पोवळी हाती लागली नसती. पंप कुणी थांबवला?"

सोयराबाईंनी पदराचं टोक पुढं केलं.

"सेन्सर फॉल्टी असणार," गिरीराज घाईनं म्हणाला.

हयवदननं डोळा नाकाशी नेला. "साहेब," तो फार सभ्यपणे म्हणाला, "सेन्सर चांगला आहे. त्याला तुपाचा वास येतोय."

नीलिमाला एकाएकी खोकला आला.

हयवदन गेल्यावर गिरीराज आईच्या खुर्चीपाशी येऊन उकिडवा बसला. लहानपणी काच फोडली की बसायचा तसा. "आईसाहेब, उद्या बन्नीचं सोनं द्यायला सगळे येणार. माझे ऑफिसातले लोकही. त्यांना मी... म्हणजे हे कुंकवाचं तेवढं कुणाला सांगू नका."

"मी कशाला सांगू? मला कुठं इलेक्ट्रॉनिक कळतंय?" सोयराबाई म्हणाल्या. "पण भिंत?"

"ती पेटी हलवायची म्हणजे पाणी काढायचं, दगड काढायचे, पुन्हा..."

"पुन्हा पिकवा. दीड महिना कॉफी प्या. तुम्हाला सवय आहे."

गिरीराजनं पेटीकडे बघितलं, पाटाकडे बघितलं, पदरावरच्या डागाकडे बघितलं.

"सरी," तो कानडीत म्हणाला, म्हणजे बरं.

दसऱ्याच्या सकाळी हत्यारं रीतीप्रमाणं उचलली. मग माणसं आली, बन्नीची पानं हातात घेऊन, आणि पेटीसमोर उभी राहून वाहवा करू लागली. सोयराबाई कालच्याच लुगड्यात खुर्चीत बसल्या होत्या, दारापाशी.

"आजी, पदराला काय लागलंय?" ऑफिसातल्या एका मुलीनं वाकून विचारलं.

"कुंकू," सोयराबाई म्हणाल्या आणि पुढचं वाक्य बोलायच्या आधी हॉलच्या पलीकडे नजर टाकली.

गिरीराज हातात टेप घेऊन उत्तरेची भिंत मोजत होता.

"सणाचं आहे," त्या म्हणाल्या. "लागतं."