गाडीला कंठ फुटला

धूरतपासणी केंद्राच्या फाटकासमोर सकाळी आठलाच अठरा गाड्या उभ्या होत्या, आणि एकीचंही तोंड फाटकाकडे नव्हतं. सगळ्यांची तोंडं रस्त्यापलीकडच्या पत्र्याच्या शेडकडे. शेडमध्ये बॉनेटबाबा बसत.

"माझा टेम्पो नुसता काळा ओकायचा हो! बाबांनी बॉनेटवर हात ठेवला आणि पाच मिनिटांत पास."

"आमच्या साडूची गाडी तर भंगारात निघाली होती. आता बघा, ठणठणीत!"

रांगेत चौथे होते घड्याळजी. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त करत आलेला माणूस. बंद पडलेलं घड्याळ कुणी झटकून दाखवलं तर त्याच्यावर डाफरायचा, "झटकून काय होतंय? उघडून बघावं लागतं!" आणि आज हाच माणूस स्वतःची वीस वर्षांची गाडी न उघडता बरी करून घ्यायला आला होता. मागच्या सीटवर घोंगडी पांघरून त्यांची बायको आडवी पडली होती. तिच्या दोन्ही किडन्या निकामी झालेल्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, आणि इस्पितळ शहराच्या दुसऱ्या टोकाला. गाडी तपासणीत नापास झाली होती. महिनाअखेरपर्यंत पास झाली नाही तर रस्त्यावर आणता येणार नव्हती. मेकॅनिक म्हणाला होता, "दोन दिवस गाडी ठेवून जा, बघतो." दोन दिवस कुठून आणायचे? बाबा अर्ध्या तासात मोकळं करत.

"काय त्रास आहे?" बाबांनी डोळे मिटूनच विचारलं.

"धूर जास्त सोडते, बाबा."

"धूर गाडी सोडत नाही, घड्याळजी. मालकाची चिंता जळते, तिचा धूर होतो. बिचारी गाडी तुमची चिंता ओढतेय!"

घड्याळजींचे डोळे भरून आले. चिंता होतीच ना! ती कुणाला नसते? रांगेतल्या अठराही जणांना होती, आणि हे ओळखायला दिव्यदृष्टी लागत नाही.

बॉनेट उघडलं गेलं. बाबांनी इंजिनावर दोन्ही तळवे टेकले. "सगळ्यांनी इथे बघायचं. माझ्या हातांकडे. नजर हलली की दोष उलटतो!" छत्तीस डोळे बॉनेटवर खिळले. तेवढ्यात बाबांचा पट्टशिष्य, चांगला पन्नाशीचा बाप्या, चाकांच्या फळीवर पाठ टेकून गाडीखाली सरकला. का? तर म्हणे, गाडीची पाठ थोपटायला. गाडीचा आजार बॉनेटखालीच असतो अशी सगळ्यांची पक्की समजूत, त्यामुळे खाली वाकून बघायचं कुणाच्या मनातही आलं नाही.

"चालू करा!"

गाडी फडफडत, खाकरत चालू झाली. एरवी कधी असा आवाज केला नव्हता तिनं.

"ऐकलंत? गाडीला कंठ फुटला!" बाबा गरजले. टाळ्यांचा कडकडाट झाला. मग बाबांनी आवाज खाली आणला. "आता एक लक्षात ठेवा. गाडीतला दोष गेला. यापुढे ज्याला गाडीत धुराचा वास येईल, त्याच्या मनात दोष."

किती हुशारीनं योजलेलं वाक्य! पण तेव्हा ते कुणाला कळलं नाही. समोरच्या केंद्रात गाडीच्या शेपटाला यंत्राची नळी लावली, आकडा हिरवा आला, आणि घड्याळजींना रडू कोसळलं.

पहिल्याच फेरीत बायको म्हणाली, "अहो, धुराचा वास येतोय."

"बाबा काय म्हणाले, ऐकलंस ना? उगीच मन खराब करू नकोस."

"अहो, पण खरंच…"

"गप्प बस गं! एवढी पास झाली गाडी!"

ती गप्प बसली. वासाबद्दल पुन्हा कधी बोलली नाही. पदर नाकाला लावायची आणि पडून राहायची. तिला सतत थंडी वाजायची म्हणून मागच्या काचा घट्ट बंद. घड्याळजींची काच मात्र उघडी, कोपर बाहेर, तोंडावर वारा. इस्पितळात पोहोचेपर्यंत तिचं डोकं ठणकायचं, उलट्या व्हायच्या. घड्याळजी नर्सला सांगायचे, आजारच तसला आहे. नर्सलाही ते पटायचं.

सातव्या फेरीला मोठ्या पुलावर तासभर गाड्या खोळंबल्या. इस्पितळाच्या दारात मागचं दार उघडलं तेव्हा बायको शुद्धीवर नव्हती.

"काका, काकू सिगारेट ओढतात का?" तरुण डॉक्टरीणबाईंनी रक्ताचा रिपोर्ट हातात धरून विचारलं.

"काहीतरीच काय विचारता, डॉक्टर!"

"मग यांच्या रक्तात कार्बन मोनॉक्साइड कुठून आला? हा गॅस जळण्यातून येतो. गाडी कुठे लावलीय तुमची?"

बायकोला ऑक्सिजन लावून डॉक्टर खाली आल्या. गाडी चालू करायला लावली. मागच्या सीटखालची चटई त्यांनी उचलली. पत्रा गंजून हाताच्या पंजाएवढं भोक पडलेलं. त्यांनी पांढरा रुमाल भोकावर धरला. मिनिटभरात त्यावर काळा डाग उमटला.

"काका, एवढा वास येत होता. कुणीच काही बोललं नाही?"

घड्याळजींनी मेकॅनिकला फोन लावला.

मेकॅनिक आला, गाडीखाली झोपला, आणि तिथूनच ओरडला, "काका, वाका जरा! बघा! सायलेन्सरच्या पाइपाचा हा जोड. दोन्ही नट सैल केलेत आणि मध्ये नवाकोरा वायसर सरकवलाय, फट राहावी म्हणून. निम्मा धूर इथेच बाहेर, आणि बाहेरची चांगली हवा आत. शेवटच्या टोकाला धूर पातळ होतो. यंत्राची नळी तिथेच लागते. यंत्र बिचारं काय करणार? पास म्हणतं! आवाज नाही का बदलला गाडीचा?"

"बाबा म्हणाले, कंठ फुटला."

"तो बाबा? अहो, आम्ही दोघं एकाच सायलेन्सरच्या दुकानात होतो! असल्याच उद्योगांपायी मालकानं त्याला हाकलला."

आणि गाडीचा खरा आजार? हवेचा फिल्टर गच्च चोंदलेला आणि दोन प्लग जळके. हवा पुरेशी मिळत नाही, ठिणगी नीट पडत नाही, म्हणून पेट्रोल अर्धवट जळायचं. तासाभराचं काम होतं.

दुसऱ्या दिवशी घड्याळजी वायसर मुठीत धरून शेडसमोर उभे राहिले. सगळं सांगितलं. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"बाईंना वास यायचा?"

"यायचा."

"मग मी काय सांगितलं होतं?"

रांगेत हळहळ उठली. घड्याळजींसाठी नव्हे हं, बाबांसाठी! "घरच्यांच्याच मनात खोट, त्याला बाबा काय करणार?" "आजारी बाईला घेऊन फिरायचंच कशाला?" "व्हा हो बाजूला, आमचा नंबर आलाय."

शिष्य नुकताच ज्या गाडीखालून निघाला होता, तिच्यापुढे घड्याळजींनी अक्षरशः लोटांगण घातलं. "वाका! एकदाच वाकून बघा! नका माझं ऐकू, स्वतःच्या डोळ्यांनी बघा!"

एकच बाई वाकली. गाडी तिचीच होती, मागे म्हातारे वडील बसले होते. तिनं जोडाला हात लावला, तर तो तिच्या हातात खुळखुळला. काही न बोलता तिनं वडिलांना हात धरून खाली उतरवलं. बाकीच्यांनी तिलाच नावं ठेवली आणि रांग एका गाडीनं पुढे सरकली.

घड्याळजींची बायको वाचली. डायलिसिस चालू आहे. पण त्या विषारी वायूनं मेंदूला इजा झाली ती कायमची. दर दहा मिनिटांनी ती नव्यानं विचारते, "अहो, गाडी पास झाली का?" घड्याळजी दर वेळी "झाली" म्हणतात. एकदा त्यांनी खरं काय ते सांगितलं होतं. ती ढसाढसा रडली, आणि दहा मिनिटांनी पुन्हा तेच विचारलं.

बाबाकडे आजही रांग आहे. यंत्र सांगतं म्हणून, शेजारी सांगतो म्हणून, बाबाचा आवाज भारदस्त आहे म्हणून लोक जातात. माझं सांगणं साधं आहे. गाडी नापास झाली तर फिल्टर बघा, प्लग बघा, खाली वाकून पाइप बघा. गाडी पास झाली, तर ती कशामुळे पास झाली हेही विचारा. आणि घरातलं कुणी म्हणालं की धुराचा वास येतोय, तर आधी काच खाली करा आणि गाडी थांबवा. प्रश्न विचारणाऱ्याच्याच मनात दोष आहे असं जो सांगतो, तो काहीतरी लपवतोय हे ओळखा, आणि तो कितीही मोठा असो, त्याच्या शेडसमोरून आपलं माणूस घेऊन तडक निघून जा.