हिरामणची पाण्याची गाठ

हरसूलच्या हिरामणला बंद वस्तू बघवत नाही. पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतो, आणि गिऱ्हाइकाने नुसती वायर बदलायला सांगितली तरी हा गडी आख्खी मोटार उघडून बसतो. अशा माणसाच्या अंडकोशात लिंबाएवढी गाठ यावी आणि ती उघडून बघता येऊ नये, म्हणजे काय छळ! अंघोळीच्या वेळी बिचारा ती चाचपायचा. आत मांस असेल की पाणी? आणि बायकोला, पल्लवीला, कळलं तर? त्या धाकाने त्याने अंथरूण ओटीवर नेलं. आत उकडतं म्हणाला. थंडीतसुद्धा उकडतच होतं बाबाला.

गाठ दुखायला लागली तेव्हा कुठे गंगापूर रोडच्या एका दवाखान्यात गेला. डॉक्टरांनी दिवा मालवून गाठीला टॉर्च लावला, तर ती लालसर उजळली.

"आत पाणी आहे. साधी गाठ. काढून टाकू."

हिरामणचा जीव भांड्यात पडला. घरी मात्र त्याने हर्निया सांगितला. हर्निया कसा, चारचौघांत सांगता येतो.

ऑपरेशनच्या दिवशी पाठीत सुई दिली आणि कमरेखालचं अंग परक्याचं झालं. हिरामण टक्क जागा. मधल्या पडद्यामुळे काही दिसेना, म्हणून त्याने डॉक्टरांना भंडावून सोडलं. कापलं का? केवढी हाय? फुटली तर? शेवटी डॉक्टरांनी ट्रेच त्याच्यापुढे धरायला लावला. पातळ पापुद्र्याची, आरपार दिसणारी पिशवी. एवढीशी, आणि हिला आपण भ्यायलो?

"बघून झालं? सिस्टर, आता नातेवाइकांना दाखवून आणा."

बाहेर तर पल्लवी बसलेली! काढलेली वस्तू बाहेर दाखवतात, हे त्याच्या ध्यानातच नव्हतं. "नको, थांबा," म्हणेस्तोवर सिस्टर दाराबाहेर. उठावं तर पाय ऐकेनात.

"हलू नका, टाके घालतोय," डॉक्टर म्हणाले.

दार अर्धवट उघडंच राहिलं होतं.

"ही बघा ताई, अंडकोशातली गाठ. साधीच आहे."

आता ही हसणार, नाहीतर तडक माहेरी जाणार, असं हिरामणला वाटलं.

"कधीपासून होती?" पल्लवीने विचारलं.

"वर्ष झालं म्हणत होते."

वॉर्डात आणल्यावर ती खाटेशी येऊन उभी राहिली. हिरामण भिंतीकडे बघत म्हणाला, "तुला वाटलं असतं, हा आता पुरुषच नाय राहिला."

"मला काय वाटलं सांगू?" तिचे डोळे भरले होते. "वाटलं, मी तुम्हाला आवडत नाय आता. रोज आरशात बघायचे, माझ्यात काय खराब झालं म्हणून."

गाठीच्या आत काय असेल याचा हिरामणने वर्षभर घोर केला होता. ओटीच्या पलीकडे, आतल्या खोलीत काय चाललंय, हे मात्र एकदाही विचारलं नव्हतं. त्याला स्वतःची लय लाज वाटली.

"बस इथं," तो म्हणाला. "आणखी काय वाटलं, समदं सांग."