शेजारचा विस्तव

महाराष्ट्र झाला त्या सुमारास सुलतानपूरचा निवृत्ती मेहकरला मास्तर झाला आणि त्याला एकाएकी आपल्या मायची लाज वाटायला लागली. खोटं कशाला बोला! ही माय, रुखमाबाई, रोज सकाळी गोवरीचा तुकडा घेऊन शेजारच्या पंचफुलाकडे विस्तव मागायला जायची. विस्तव चिमूटभर, बसणं तासाभराचं. गावातल्या सुनांची उणीदुणी निघायची, गुडघ्यांची रडगाणी व्हायची, मग कुठं बाई घरी येऊन चूल पेटवायची.

"मास्तरची माय अन् लोकाच्या दारी इस्तो मांगते? माहं नाक काऊन कापून राह्यली?" निवृत्तीनं काडीपेट्यांचं पुडकं आणलं, अंगणात आड खोदून दिला, दळणाला गडी लावला. "आता कोनाच्या दारी जायाचं नाही. माही आन हाय तुले."

एकुलत्या लेकाची आन! रुखमाबाईनं ती पाळली. पंचफुलाला वाटलं, म्हातारीला मास्तरकीचा ताठा चढला. तिनंही येणं बंद केलं.

पावसाळा सरता सरता रुखमाबाईचं अन्न तुटलं. डोळ्याला डोळा लागेना. भाकर तव्यावर जळायची आणि ही नुसती बघत बसायची. कधी लेकालाच विचारायची, "कोन व्हय रे बाबू?"

मेहकरच्या डॉक्टरनं छाती पाहिली, पोट दाबलं, रोग सापडेना. शेवटी त्यानं विचारलं, "दिवसभर या बोलतात कुणाशी?"

निवृत्ती मायला घेऊन उठला. गावात एसटीतून उतरला, मायला घरी सोडलं आणि थेट पंचफुलाच्या दारात.

"काकू, गलती माही हाय. मीच आन घातली तिले. माह्या मायसंगं बोल वो."

"लय शिकला रे मेल्या!" पंचफुलानं शिव्या घातल्या, मग पदरात तोंड खुपसून रडली. दुसऱ्या सकाळी तिनं पेटत्या चुलीवर पाणी ओतलं आणि गोवरी घेऊन निघाली. निवृत्ती तिच्या मागं अंगणात उभा राहिला.

"रुखमाबाई, वो रुखमाबाई! इस्तो दे वो, माही चूल विझली."

रुखमाबाई दारात आली. पंचफुलाच्या तोंडाकडे बघत राहिली. तिचे ओठ हलले. आता बोलते, आता नाव घेते, म्हणून निवृत्ती दोन पावलं पुढं सरकला.

म्हातारीनं कनवटीची काडीपेटी काढून पंचफुलाच्या हातावर ठेवली.

"ने बाई," ती म्हणाली. "अन् कोनाच्या दारी जात नोको जाऊ. लेकाचं नाक कापल्या जाते."

आणि तिनं आतून कडी लावून घेतली.