मुसा तांडेलाची पाचर

आलियाच्या गाडीला चढणीचं वावडं आहे, हे साऱ्या राजिवड्याला ठाऊक होतं. सपाटीला गुणी पोरीसारखी पळायची, पण चढ दिसला की हिचं अवसान गळालंच म्हणून समजा. दुसरा गिअर, मग पहिला, मग नुसतं कण्हणं. मागचे लोक हॉर्न मारून मारून दमायचे आणि शेवटी वळणावर जीव मुठीत धरून पुढे काढायचे. घरात कुणाला त्याचं काही वाटेनासं झालं होतं. नवी घेतली तेव्हापासून ती अशीच. काही माणसं जन्मतःच मंद असतात, तशी गाडी, एवढंच.

पण त्या मंद गाडीवाचून आलियाचं पान हलत नव्हतं. जयगडला बंदराच्या माल-ऑफिसात तिची नोकरी. पाळ्या वेड्यावाकड्या वेळच्या, आणि त्या वेळेला एसटी मिळायची ती कुठली? गाडी होती म्हणून नोकरी होती. गाडी तिच्या अब्बांची, मुसा तांडेलांची. बोटीचा तांडेल म्हणजे बोटीवरचा राजा. पंचवीस-तीस वर्षं माणसं घेऊन दर्यात गेलेला आणि सगळी परत आणलेला हा माणूस. बोट विकली त्या साली त्यांनी ही डिझेल गाडी नवीकोरी आणली. पुढे गुडघे कुरकुरायला लागले तशी चावी लेकीच्या हाती दिली आणि आपण शेजारच्या सीटवर बसू लागले. म्हणजे तिथे बसूनही गाडी तेच चालवायचे, फक्त तोंडाने.

आता झालं काय, की मालगुंडला लग्नाला जाताना आरे-वारेच्या चढणीवर गाडी चक्क थांबली. मागे पर्यटकांची बस, बाजूला खोल समुद्र, गाडीत अम्मी आणि दोन मावश्या. मावश्या जरीच्या साड्या सावरत उतरल्या आणि चढ पायी चढल्या. बसमधल्या लोकांनी त्यांचे फोटो काढले. हफीजाने, म्हणजे आलियाच्या अम्मीने, घरी आल्याआल्या कुवेतला लेकाला फोन लावला आणि गाडीची मनसोक्त निंदा केली. फैझानने तिथूनच निकाल दिला: विकून टाका. पुढच्या वर्षी पंधरा वर्षं होतील, पुन्हा पासिंगची कटकट. संगमेश्वरचं एक गिऱ्हाईक आहे, ते रविवारी बघायला येईल. आणि आलियाची नोकरी? शहरात काय नोकऱ्या मेल्यात का, असं तो म्हणाला. दुसऱ्याच्या नोकरीबद्दल बोलताना माणसाची जीभ कशी सैल सुटते बघा.

आलियाला वाटलं होतं, अब्बा तरी तिच्या बाजूने बोलतील. बोटीवर डझनभर माणसांना एका हाकेत जागेवर बसवणारा हा गृहस्थ. पण विकायचा विषय निघाला की मुसा सुपारी कातरत खाली मान घालायचे. हो नाही की नाही नाही. त्यांच्या त्या गप्प बसण्याचा तिला फोनवरच्या भावापेक्षा जास्त राग आला.

पण हार मानेल तर ती आलिया कसली. तिने मोबाइलवर वाचून काढलं, की इंजिनाच्या कॉम्प्युटरमधलं गणित बदललं की गाडीची ताकद वाढते. त्याला ट्यूनिंग म्हणतात. ते जुन्या गाडीला करावं की करू नये यावर तिथे दहा लोकांची अकरा मतं होती. कुणी म्हणत होतं गाडी तरुण होते, कुणी म्हणत होतं महिन्याभरात हातात येते. शेवटी ती कुवारबावला रितेशच्या शेडवर गेली. रितेश हे काम पुण्याला शिकून आलेला. त्याच्या दारात नेहमी टपोरी पोरांच्या फटफट आवाज करणाऱ्या गाड्या उभ्या, त्यामुळे हा माणूस गाडी बघताच हात चोळेल असा तिचा अंदाज होता.

त्याने हात चोळले नाहीत. बॉनेट उघडून बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला की ताई, चौदा वर्षांच्या गाडीला ट्यूनिंग करण्याआधी तिच्यात शिल्लक काय आहे ते बघावं लागतं. टर्बो झिजला असेल, क्लच घसरत असेल, तर वरून ताकद देणं म्हणजे फाटक्या गोणीत जास्तीचे तांदूळ भरणं. आधी कंपनीने दिली तेवढी ताकद ती देते का ते पाहू, मग वाढवायचं की नाही ते ठरवू. आलियाला ते पटलं. रविवारला चार दिवस होते.

त्याने डॅशबोर्डखाली वायर जोडली, लॅपटॉप मांडीवर घेऊन शेजारी बसला आणि तिला हातखंब्याच्या बाजूचा चढ दाखवला. चढ लागला. गाडीने आपलं नेहमीचं कण्हणं सुरू केलं.

रितेश म्हणाला, "पूर्ण रेस द्या."

"पूर्णच आहे."

"नाही, पूर्ण दाबा."

"अहो, पाय टेकलाय खाली. आता काय पत्रा फोडू?"

रितेशने लॅपटॉप तिच्याकडे वळवला. पडद्यावर एक पट्टी होती, रेस किती दाबली ते सांगणारी. ती निम्म्याच्या जराशी वर जाऊन थांबली होती आणि आलियाने कितीही जोर लावला तरी हलत नव्हती. पुढचा सगळा चढ रितेश पडद्यावरच नजर लावून होता. बाकीचे आकडे, टर्बोचा दाब, डिझेल, उष्णता, तो एकेक करून बघत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर देवळात गेल्यासारखं काहीतरी येत चाललं होतं.

शेडवर परत आल्यावर तो बॅटरी घेऊन पायांच्या जागेत डोकं घालून बसला. पायपुसणं काढलं, पेडलच्या मागे उजेड पाडला. रेसच्या पेडलखाली सागाचा एक काळा तुकडा होता. तासून उतरता केलेला, पेडल घासून घासून आरशासारखा गुळगुळीत झालेला, आणि दोन पितळी स्क्रूंनी जमिनीला घट्ट बसवलेला.

आलियाने वाकून पितळी स्क्रूंवरून बोट फिरवलं. गाडीच्या कुठल्या कारखान्यात पितळी स्क्रू वापरतात? लोखंड खाऱ्या हवेत टिकत नाही म्हणून पितळ वापरतात ते बोटीवाले.

अशा तुकड्याला पाचर म्हणतात. मुसा तांडेलाच्या बोटीवर रीतच होती तशी. नवा खलाशी पहिल्यांदा मशीनवर बसला की तांडेल रेसच्या दांड्याखाली पाचर मारायचा, म्हणजे पोरगं हुरळून किंवा घाबरून मशीन फुल्ल सोडणार नाही. महिने जायचे, कधी वर्ष जायचं. मग एके दिवशी तांडेल कुणाला न सांगता स्वतःच्या हाताने ती काढायचा. दुसऱ्या कुणी काढायची नाही. अब्बा घरी येऊन जेवताना सांगायचे, आज अमक्याची पाचर काढली, आणि त्या रात्री अम्मी त्या खलाशाच्या घरी गोड सांदणं पाठवायची. पाचर निघाली म्हणजे पोरगा माणसात आला.

रितेश तोवर स्क्रूड्रायव्हर घेऊन आला होता. आलियाने त्याचा हात धरला.

"नको. ती तांडेलानेच काढायची असते."

त्याला त्यातलं काही कळलं नाही. पण तो बाजूला झाला आणि गाडीकडे बघत म्हणाला, "ताई, मला ट्यूनिंगचं विचारू नका. हिची निम्मी ताकद अजून कुणी वापरलेलीच नाही. आतून इंजिन नव्यासारखं आहे. आणि ही निम्म्या रेसवर, चार-चार माणसं घेऊन, रोज आरे-वारे चढत होती?" त्याने बॉनेटवर हळूच हात ठेवला. "मला तर हिच्या पाया पडावंसं वाटतंय."

आलियाला मात्र तेव्हा कौतुक सुचत नव्हतं. घरापर्यंतचा सगळा रस्ता ती संतापाने फणफणत होती. सात वर्षं ती ही गाडी चालवत होती. धो धो पावसात, धुक्यात, दरड कोसळलेल्या रस्त्यावरून सुखरूप घरी आली होती. आणि शेजारच्या सीटवरचा तांडेल सात वर्षं तिला कच्चा खलाशीच समजत होता. वर गाडी विकायची बोलणी चालली असताना मूग गिळून बसला होता. तिला मागच्या हॉर्नवाल्यांची सगळी शिवीगाळ आठवली, मावश्यांच्या साड्या आठवल्या, आणि डोळ्यांत पाणी आलं.

दारातूनच तिने विचारलं, अम्मीच्या देखत, की अब्बा, माझ्या पायाखालची पाचर काढायला तुम्हाला सात वर्षं पुरली नाहीत का? मुसांच्या हातातला अडकित्ता तसाच राहिला. हफीजा एकदा नवऱ्याकडे आणि एकदा लेकीकडे बघू लागली.

"ती तुला नाय मारलेली," मुसा म्हणाले. "ती माझी हाय."

मग त्यांनी सांगितलं ते थांबत थांबत, जमिनीकडे बघत. गाडी आणल्याच्या पहिल्या आठवड्यात ते सगळ्यांना घेऊन भाट्याच्या पुलावरून चालले होते. पुलाच्या टोकाला एक पोर सायकलवरून आडवं आलं. ब्रेकवर जायचा पाय रेसवर गेला आणि गाडीने अशी काही उडी घेतली की पोर वीतभर अंतराने वाचलं. मागे बसलेली आलिया आणि फैझान टाळ्या पिटत होते. त्यांना वाटलं, अब्बा मजा करतायत. हफीजालासुद्धा तसंच वाटलं होतं. दर्यात लाट आली तर बोट वळवायला जागा असते, मुसा म्हणाले. इथे समोर माणसंच माणसं. दुसऱ्या दिवशी त्यांनी सागाचा तुकडा तासला.

"दर्याला मी कधी भ्यायलो नाय. रस्त्याला भ्यायलो. मग कच्च्या खलाशाला मारतात तशी मीच मला मारली."

"मग नंतर काढली का नाही?"

"कोण काढणार?" मुसांनी पहिल्यांदाच वर बघितलं. "आपली पाचर आपण काढायची नसते. वर तांडेल लागतो. माझ्या वर कोण होता?"

आलियाचा राग कुठल्या कुठे गेला. ज्या माणसाच्या नावाने बंदरात लोक उठून उभे राहायचे, तो चौदा वर्षं आपली पाचर कुणीतरी काढील म्हणून थांबला होता. लेकीला चावी दिली तेव्हा सांगायची लाज वाटली, आणि लाजेचं असं असतं की एक दिवस राहिली की मुक्कामच ठोकते. परवा विकायचा विषय निघाला तेव्हा त्यांना वाटलं, गेली तर गेली, भीती तरी तिच्याबरोबर जाईल. आलिया त्यांच्याकडे नवीन माणूस बघावा तशी बघत राहिली. एवढं मोठं भय उरात घेऊन हा माणूस रोज तिला शाळेत सोडायला येत होता, आणि आणायलाही.

हफीजा एरवी अशा वेळी चार शब्द ऐकवल्याशिवाय राहणारी बाई नव्हे. पण ती उठली, आत गेली आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन आली.

"ऊठ गो," ती लेकीला म्हणाली. "सात वर्षं गाडी तुझ्या हाती हाय. त्यांची पाचर काढ."

चौदा वर्षांच्या खाऱ्या हवेतही पितळी स्क्रू लोण्यासारखे निघाले. मुसा गाडीच्या उघड्या दाराशी हात मागे बांधून उभे होते, पहिल्या दिवशी बोटीवर आलेल्या पोराने उभं राहावं तसे. आलियाने पाचर त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी ती खिशात टाकली आणि शेजारच्या सीटवर जाऊन बसले.

पूल झाला, सुरूची झाडं मागे पडली आणि भाट्याची चढण समोर आली. आलियाने पाय टेकवला, आणि पाय खाली जातच राहिला, आजवर कधी गेला नव्हता तिथपर्यंत. गाडी कण्हली नाही. पोटातून एक खोल आवाज आला आणि पाठ सीटला चिकटली. चढ समोरून असा खाली सरकत आला की आलियाने स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलं. हीच का ती, जिला सगळ्यांनी जन्माची मंद ठरवलं होतं? खाली समुद्र मोठा मोठा होत चालला होता. मुसांनी वरची कडी गच्च धरली होती आणि डोळे मिटले होते. पहिल्या वळणानंतर त्यांनी एक डोळा उघडला, मग दुसरा.

"अजून हाय?" त्यांनी विचारलं.

"हाय."

"मग दे."

माथ्यावर तिने गाडी बाजूला घेतली. इंजिन शांतपणे चालू होतं. मग मुसांनी खिशातून फोन काढला आणि आपणहून कुवेतला लावला, जे ते कधीच करत नसत. फैझान घाबरला, काय झालं म्हणून विचारू लागला.

"काय नाय झालं. रविवारच्या माणसाला येऊ नको सांग. गाडी विकायची नाय असं तांडेल म्हणतो."

फैझान पलीकडून हसला. म्हणाला, अब्बा, तांडेल तर तुम्हीच ना?

मुसांनी फोन आलियाच्या हातात दिला.