टाकीमागे पाच लिटर

मी तापट माणूस आहे, महाडमध्ये कुणालाही विचारा. पण भिकूच्या बाबतीत मी तापलो नाही, ओरडलो नाही, आणि तेच वाईट झालं. ओरडलो असतो तर निदान त्याला कळलं तरी असतं की शेट आपल्याला काय समजतोय.

माझे चार ट्रक. त्यातल्या पहिल्या ट्रकचा पहिला ड्रायव्हर भिकू. शिवथरच्या वरच्या अंगाला डोंगरात त्याची वाडी. बावीस वर्षं त्यानं माझा माल वाहिला, आणि साखरेच्या आजारानं माझी नजर अधू झाल्यावर माझी गाडी चालवायला लागला. गाडी शोएबनं दिलेली. माझा हा मुलगा दुबईला असतो. दोन हजार आठच्या दिवाळीत आला आणि बापाला हायब्रिड घेऊन दिली. पेट्रोलवर चालते, बॅटरीवरही चालते, उतारावर आपली आपण बॅटरी भरून घेते. मशिदीबाहेर लोक म्हणाले, "मुरादशेट, आता घरचं लाईटबिल पण गाडीलाच भरायला सांगा." म्हटलं, हसा लेको. लिटरला सतरा देते. एवढी मोठी गाडी आणि सतरा! ओळख ना पाळख अशा माणसालाही मी तो आकडा ऐकवायचो.

पुढच्या पावसाळ्यात दासगावजवळच्या खड्ड्यात दोन टायर बाजूनं फाटले. टायरवाला म्हणाला, कंपनीनं दिलेत तसे हलके टायर मुंबईहून मागवावे लागतील, आठवडा जाईल. मला हसूच आलं. त्या टायरांवर मी पहिल्यापासून नाराज होतो. ट्रकवाल्याच्या लेखी टायर म्हणजे जाडजूड, खोल नक्षीचा, दगडाला दाद न देणारा. मला रोज पोलादपूरच्या गोदामावर जायचं असतं, अधूनमधून आंबेनळी घाट चढायचा असतो. तिथे हे कागदी टायर काय कामाचे?

"शेट, व्हते तसेच घ्या," भिकू म्हणाला. "गाडीला त्यांची सवय हाय."

"तू गाडी चालव. टायर मला कळतात," मी म्हणालो आणि चारही जाड टायर बसवून घेतले. ओल्या घाटात गाडी रस्ता अशी धरून चालली की मी खूश झालो.

आमच्या धंद्यात अ‍ॅव्हरेज काढायची एकच रीत. टाकी काठोकाठ भरायची, किलोमीटर बघायचे, संपत आली की पुन्हा काठोकाठ भरायची. नव्या टायरांवरची पहिली टाकी झाली, तर पंधरा. दुसरी झाली, तरी पंधराच.

आता ट्रकमालकाच्या डोक्यात अशा वेळी काय येतं? इंजिन येत नाही, टायर तर नाहीच नाही. ड्रायव्हर येतो. डिझेल काढून ढाब्यावर विकणारे मी आयुष्यभर पकडत आलो होतो. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. मी तर बावीस वर्षं बिनघोर प्यायलेलं घरचं ताक फुंकायला लागलो.

"भिकू चोरेल?" माझी बायको महरुन्निसा म्हणाली. "काहीतरी लाज बाळगा. आपली पोरं त्याच्या खांद्यावर बसून वाढली." मी म्हटलं, तू यात पडू नकोस.

भिकूला मी एवढंच म्हणालो, "अ‍ॅव्हरेज पडलंय. असं चालायचं नाय." तो गोरामोरा झाला. "बघतो, शेट," म्हणाला. त्याचा तो पडलेला चेहराच मला पुरावा वाटला.

पुढच्या टाकीला सतरा! त्याच्या पुढच्या टाकीलाही सतरा. मग तर माझी खात्रीच पटली. शहाण्याला शब्दाचा मार, एक शब्द बोललो आणि चोरी थांबली. गोदामात सांगितलं, चहाच्या टपरीवर सांगितलं, मशिदीच्या पायरीवर सांगितलं. अख्ख्या गावाला सांगितलं, फक्त भिकूला नाही. बावीस वर्षं सोबत असलेल्या माणसाला तोंडावर चोर म्हणायची हिंमत माझ्यात नव्हती, आणि त्यालाच मी माझा मोठेपणा समजत होतो. दसऱ्याला त्यानं दरवर्षीसारखी गाडी धुतली, झेंडूचा हार घातला. ते झाल्यावर मी म्हणालो, "भिकू, आता आराम कर. मी दुसरा माणूस बघितलाय."

त्यानं किल्ली माझ्या हातात ठेवली. "शेवटी सतरा लागलं ना, शेट?"

"लागलं," मी म्हणालो. "आता न लागून जातंय कुठं?"

तो मान डोलावून गेला.

बकरी ईदला शोएब आला. एका सकाळी त्यानंच मला पोलादपूरला नेलं. नव्या ड्रायव्हरकडूनही पंधराच पडत होतं आणि मी त्यालाही चोर ठरवत आणलं होतं. तेच शोएबला सांगत होतो, तर त्यानं स्टिअरिंगमागच्या स्क्रीनवर बोट ठेवलं.

"अब्बा, हा आकडा कधी बघितला का? इंजिनानं खरोखर जाळलेल्या पेट्रोलवरचं अ‍ॅव्हरेज गाडी स्वतः सांगते. पंधरा. चोरलेलं पेट्रोल इंजिनात जातच नाही, ते यात धरलं कसं जाईल?" त्यानं गाडी कडेला घेतली, उतरून टायर बघितले आणि कपाळाला हात लावला. "हे कुणी बसवले? हायब्रिडला हलके, सहज फिरणारे टायर लागतात. हे जड आहेत, यांना फिरवायलाच जास्त जोर लागतो. दोन किलोमीटर टायरांनी खाल्ले, अब्बा."

"पण याच टायरांवर भिकूनं मागनं सतरा दिलं की!"

"पॉसिबलच नाही."

"मी स्वतः पंपावर उभा राहून भरलंय."

"मग तुम्ही भरलं त्याच्यापेक्षा जास्त टाकीत गेलंय. कुणीतरी वरून ओतलंय. टाकीमागे पाच लिटर तरी."

कुणीतरी म्हणजे कोण, हे विचारायची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी, रस्ता संपतो तिथे गाडी ठेवून, शोएबचा हात धरून मी वाडीवर चढलो. भिकू अंगणात बसला होता. मला बघून लगबगीनं उठला, घोंगडी अंथरली, आत हाक दिली, "चिमा, शेट आलेत गो. चा टाक."

"भिकू, पेट्रोल तू ओतत होतास?"

तो ओशाळला. "चुकलं, शेट. फसवलं मी तुमाला. दोन बकऱ्या इकल्या आन् डब्यातनं आणून ओतायचो. काय करू? तुमी म्हणालात अ‍ॅव्हरेज पडलंय. मी समजलो, पाय गेला माझा. वय झालं, अ‍ॅक्सलेटरवर पाय जड पडतोय आन् मला कळत पण नाय. ह्याच पायावर बावीस वर्सं भाकरी खाल्ली. तुमाला कळू नये असं वाटलं."

त्याची बायको चिमाबाई दारात आली होती. "तवापासनं गाडीला हात लावला नाय त्यांनी," ती म्हणाली. "खालच्या गावच्या महिपतीनं त्याची जीप चालवाया बोलावलं, तर म्हणतात, माझ्या पायाचा भरवसा नाय, माणसं दरीत घालीन."

"तुझा पाय शाबूत आहे, भिकू. मी बसवलेल्या टायरांचा दोष होता. तू सांगत होतास तेच खरं."

त्यानं शोएबकडे बघितलं. शोएबनं मान डोलावली. तसा भिकू एकदम हसला. उजवा पाय पुढे करून वरखाली हलवून बघायला लागला. "ऐकलंस का गो? पाय बरा हाय माझा! उद्याच जातो महिपतीकडं." त्याला इतकं खूश मी कधी बघितलं नव्हतं.

मग त्याचा पाय थांबला.

"मग शेट, मला काढलंत कशापायी?"

खोटं बोलता आलं असतं. पण उद्या तो महिपतीची जीप घेऊन महाडात येणार, चहाच्या टपरीवर बसणार, आणि कुणी ना कुणी त्याला ऐकवणारच. सगळ्यांना मीच तर सांगून ठेवलं होतं.

"मला वाटलं, तू पेट्रोल काढून विकतोस," मी म्हणालो.

चिमाबाई आत गेली. भिकू घोंगडीच्या कडेला बसला. तो स्वतःच्या पायाकडे बघत राहिला.

"पाय गेला असता तर बरं व्हतं, शेट," तो म्हणाला.