फाटक्या आवाजाचा अँप्लिफायर

मी गिटारचा एक जुना अँप्लिफायर आहे. मित्रांनो, छाती अजून धडधडते आहे, तेव्हा थोडे सांभाळून घ्या.

कारखान्यातून निघालो तेव्हा माझा आवाज स्वच्छ होता. नव्वदीच्या दशकात एका ताईने मला आपल्या गॅरेजमध्ये आणले. ताई गिटार वाजवी, तिचा धाकटा भाऊ गाई. गिटार आणि माईक दोन्ही माझ्यातच जोडलेले. तेव्हाचे रॉक म्हणजे चकचकीत कपडे आणि बोटांच्या कसरती. या दोघांना त्याचा वीट आला होता. ढगळ, चौकड्यांचे शर्ट घालून त्यांनी ग्रंज, म्हणजे खडबडीत, उदास रॉकचे, एक गाणे रचले, 'मी ठीक आहे'. कडवे कुजबुजल्यासारखे आणि धृपदाला नुसता आक्रोश.

"हा फारच शहाण्या मुलासारखा वाजतोय," भाऊ म्हणाला.

ताईने माझी पाठ उघडली आणि स्पीकरच्या कागदाला ब्लेडने तीन चिरा दिल्या. मी हादरलो. रोज माझी धूळ पुसणारे हात ते! पण पुढच्या धृपदाला मी असा खरखरलो, की 'मी ठीक आहे' हे कोणालाच खरे वाटेना. गाण्याचा जीव तिथेच होता. कॉलेजात मुले बाकांवर उभी राहून तेच ओरडत. त्यांनाही घरी 'ठीक आहेस का' असे कोणी नीट विचारत नसावे.

पुढे भावंडांचे बिनसले. भाऊ दूर निघून गेला आणि वीस वर्षे मी चादरीखाली पडून राहिलो.

गेल्या महिन्यात त्याचा फोन आला, "रविवारी येतोय. एकदा वाजवू." गाणे जमले तर बोलणेही जमेल, एवढीच ताईची आशा. तिने मला फ्यूज बदलायला दिले. मेकॅनिक मोठा प्रामाणिक. चिरा पाहून तो हळहळला आणि न विचारताच त्याने कोरा कागद बसवला.

रविवारी धृपद आले आणि माझ्यातून गुळगुळीत 'मी ठीक आहे' बाहेर पडले. मीच सुन्न झालो. भाऊ थांबला.

"हे खरंच ठीक असलेल्या माणसाचं गाणं वाटतंय. जाऊ दे, ताई." तो बूट घालू लागला.

"मामा, थांब ना," चिरांची गोष्ट ऐकत वाढलेली ताईची मुलगी म्हणाली. "आई, ब्लेड कुठंय?"

ताईने ब्लेड कागदाला टेकवले आणि ती थांबली. भावाने तिच्या हातावर हात ठेवला. मला डोळे असते तर मी ते मिटले असते. पुन्हा तीन चिरा, पुन्हा तेच खरखरते धृपद.

ताईने गिटार खाली ठेवली. "खरंच ठीक आहेस का रे?"

"नाही," भाऊ म्हणाला आणि त्याने बूट काढले.

मित्रांनो, आम्हां जुन्यांना दुरुस्त जरूर करा. फक्त हात लावण्याआधी एकदा विचारा.