अकरा रिव्हेट

कागदाची पट्टी रिव्हेटच्या डोक्याखाली सरकन गेली — जायला नको होती. रिव्हेट म्हणजे दोन पत्रे जोडणारी खिळी; ती घट्ट बसली असेल तर तिच्या डोक्याखाली कागद जात नाही. हा गेला, पुढच्याखाली गेला, त्याच्या पुढच्याखालीही...

अकरा. व्हर्लिनला मोजायची गरजच नव्हती. त्याने आणि त्याच्या बायकोने, लोर्नाने, मिळून घरीच बांधायला घेतलेलं दोन माणसांचं विमान, त्याचा हा डावा पंख दोन वर्षं गॅरेजच्या भिंतीला तसाच टेकून उभा होता. धूळ पुसताना या रांगेजवळ आलं की फडकं आपोआप हलकं व्हायचं. लोर्नाच्या हातचं शेवटचं काम. त्यानंतर ती गॅरेजमध्ये आली नाही. आधी इस्पितळ, मग... मग चर्चमागच्या टेकडीवरची कबर.

सकाळी डुएन येऊन गेला होता. गावातल्या विमान बांधणाऱ्यांचं काम तोच तपासतो, आणि त्याची जीभ त्याच्या करवतीहून धारदार.

"लेका व्हर्लिन, हा पंख उडवायचाय की पूजायचाय?"

"ते तिचे आहेत. तिचा हात थरथरायचा तेव्हा."

डुएनने टोपी काढली, पुन्हा घातली. "माहितीय रे. पण वाऱ्याला कुठे माहितीय? काढ ते. नाहीतर मी सही करणार नाही. रागावलास तर रागाव."

तो गेल्यावर व्हर्लिनने बारीक पंच, म्हणजे ठोकायची टोकदार सळी, हातात घेतला. आधी रिव्हेटच्या मधली पोलादी काडी ठोकून आत पाडायची — नाहीतर ड्रिल तिच्या कठीण टोकावरून घसरतं आणि भोक वेडंवाकडं वाढतं. मग डोक्यापुरतंच ड्रिल, डोकं उडालं की उरलेलं अंग आत ढकलायचं. हे लोर्नानेच शिकवलेलं. 'घाई केलीस की एका चुकीच्या दोन होतात,' म्हणायची. पहिली काडी पंखाच्या पोटात पडून घरंगळली. माफ कर, तो पुटपुटला. दुसरी... माफ कर. हातात धरलेल्या तिच्या हाताचं एकेक बोट आपणच सोडवतोय, असं त्याला वाटत होतं.

चौथ्यावर दिव्याचा उजेड तिरका पडला. डोकं डावीकडून उचललेलं होतं. पाचवंही डावीकडून, सहावंही — उरलेली सगळीच. म्हणजे रिव्हेट ओढून आवळायची गन उजवीकडे कलली होती, उजव्या हाताच्या ओढीने. आणि लोर्ना डावखुरी होती.

मग त्याला ती दुपार आठवली. खिडकीजवळच्या स्टुलावर लोर्ना... गुडघ्यांवर घोंगडी, बोटातली अंगठी सैल पडते म्हणून तिला दोरा गुंडाळलेला. "आज तू ओढ, मी मोजते. सात... आठ... अरे, इकडे काय बघतोस? खाली बघ खाली!" तो बघत होता. हात गन दाबत होते आणि डोळे तिच्या गळ्याच्या वर आलेल्या हाडावर, प्रत्येक आकड्याआधी तिला घ्याव्या लागणाऱ्या श्वासावर... अकरा वेळा. अकराव्यानंतर ती म्हणाली होती, चल, आत नेतोस का मला?

आणि दोन वर्षं आपण सांगत सुटलो — डुएनला, चर्चच्या जेवणात शेजारणीला — तिचा हात थरथरायचा म्हणून. चूक आपली, खपवली तिच्या नावावर, आणि वर तिची आठवण म्हणून पुसत बसलो! त्याला लाज वाटली, कान तापेपर्यंत लाज वाटली. आणि तिच्या हातचं म्हणून जे एवढं जपलं ते तिचं नव्हतंच, या दुःखाला आता नव्याने कुठे ठेवायचं तेही त्याला कळेना.

उरलेले त्याने एकेक करून काढले. मग नवा रिव्हेट भोकात घातला, गन सरळ धरली. स्टुलावर आता रंगाचे डबे होते. तो खालीच बघत राहिला. रिव्हेट आवळला गेला आणि त्याची काडी तुटल्याचा आवाज आला. पट्टी लावून पाहिली, दुसऱ्या बाजूनेही, मग जरा जोर देऊन — कागद कुठूनच आत जाईना. त्या दिवशी असा एकही बसला नव्हता.

"एक," तो मोठ्याने म्हणाला, आणि पुढचा आकडा कोणीतरी म्हणेल म्हणून वेड्यासारखा थांबून राहिला.